इंजिन बांधावे की बदलावे : भिलाई-३ च्या रस्त्यावरील एका निर्णयाचा इतिहास

मालवाहू ट्रकचे डिझेल इंजिन थकू लागले की मालकापुढे तीन वाटा असतात. जेवढे बिघडले तेवढेच दुरुस्त करणे ही पहिली. इंजिन पूर्ण खोलून, झिजलेले भाग यंत्रावर तासून किंवा बदलून ते नव्याने बांधणे ही दुसरी. जुने इंजिन उतरवून त्या जागी दुसरे बसवणे ही तिसरी. गॅरेजच्या बोलीत क्रँकला हात न लावता हेड, पिस्टन आणि रिंगांपुरते केलेले काम म्हणजे ‘हाफ इंजिन’. क्रँकसह सगळे उघडले तर ‘फुल इंजिन’. निवड झिजेवर अवलंबून असतेच. पण त्या त्या काळात बाजारात काय मिळत होते, कारागिरांना काय येत होते, कायदा कशाला परवानगी देत होता आणि गाडी किती दिवस उभी ठेवणे परवडत होते, यांवरही ती तितकीच अवलंबून राहिली. छत्तीसगडमधील भिलाई-३ हे पोलादाच्या नगरीला लागून, महामार्गावर वसलेले गाव. ट्रकचे इंजिन तिथे जितके राबते तितकेच झिजते, आणि म्हणून या निर्णयाचा गेल्या सत्तर वर्षांतला प्रवास तिथून नीट पाहता येतो.

रस्ता, रेल्वे आणि पोलाद

भिलाई-३ रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान, चरोद्याला लागून आहे. आज ते भिलाई-चरोदा महानगरपालिकेत मोडते. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्ग आणि नागपूर-रायपूर रस्ता हे दोन्ही त्याच्या अंगावरून जातात. इंग्रजी अमदानीत हा रस्ता ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणून ओळखला जाई. छत्तीसगडात त्याला आजही ‘जी. ई. रोड’च म्हणतात. स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ चा भाग झाला आणि नव्या क्रमवारीत त्याला ५३ हा क्रमांक मिळाला.

या मुलखाचे नागपूरशी नाते जुने आहे. छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. ते राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत स्थापन झाला. १९०६ मध्ये दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, पण १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत त्याचा कारभार नागपूरहूनच चाले. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८२ पर्यंत राजनांदगावला पोचली होती; १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन पूर्वेकडे वाढवली. भातशेतीच्या या प्रदेशात तोवर जड मालवाहतूक म्हणजे मुख्यतः रेल्वे आणि बैलगाडी.

हे चित्र २ फेब्रुवारी १९५५ नंतर पालटले. त्या दिवशी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई येथे वर्षाला १० लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून आणि चुनखडी नंदिनीहून येऊ लागली. हा कच्चा माल प्रामुख्याने रेल्वेने येई आणि त्यासाठीच भिलाई-३ व चरोद्याच्या बाजूला मोठे मार्शलिंग यार्ड झाले. मात्र बांधकामाचे साहित्य, भट्ट्यांच्या विटा, यंत्रांचे सुटे भाग, तयार पत्रे आणि सळया, जवळच्या जामुलच्या कारखान्याचे सिमेंट हे सारे पुष्कळ अंशी ट्रकवर आले. देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले, तसे ट्रकमालक, चालक आणि मिस्त्रीही आले. जी. ई. रोडच्या कडेला ढाबे, टायरची दुकाने, वेल्डिंगचे ठेले आणि खराद यांची रांग वाढत गेली.

इथली वाहतूक इंजिनावर कठोर होती. लोहखनिज आणि सिमेंट यांची धूळ हवेतून एअर फिल्टरवर बसते. फिल्टर वेळेवर साफ केला नाही किंवा त्याची नळी कुठे फाटली, तर ही टणक धूळ थेट सिलिंडरमध्ये शिरते आणि रिंगा व बोअर घासून काढते. त्यात जास्तीचा माल लादण्याची सवय आणि उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत चढणारा पारा. रेडिएटर जेमतेम पुरत असताना भरलेली गाडी चढावर नेली की हेड तापते आणि गॅस्केट जाते. यार्डातल्या रेल्वे इंजिनांची तपासणी ठरलेल्या वेळापत्रकाने होते. रस्त्यापलीकडच्या ट्रकची तपासणी बहुधा तो धूर सोडू लागल्यावरच होई.

९० पासून ९७ पर्यंत

कारखान्याच्या कराराच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, टाटांची टेल्को आणि जर्मनीची डायम्लर-बेंझ यांच्यात पंधरा वर्षांचा करार होऊन जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले. मद्रासमध्ये अशोक मोटर्सची १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. भिलाईच्या रस्त्यावर पुढची तीन-चार दशके मुख्यतः या दोनच घराण्यांच्या गाड्या दिसत.

टाटांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांची वाढ बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, मापातून वाचता येते. सुरुवातीच्या ओएम-३१२ या जर्मन रचनेच्या इंजिनाचा बोअर ९० मिलिमीटर आणि स्ट्रोक १२० मिलिमीटर होता. घनफळ सुमारे ४.६ लिटर. त्यानंतरच्या ६९२ चा बोअर ९२ मिलिमीटर आणि घनफळ सुमारे ४.८ लिटर. मग ६९७ आले : बोअर ९७, स्ट्रोक १२८, घनफळ ५.७ लिटरच्या आसपास. या दोन्ही नावांतला पहिला आकडा सिलिंडरांची संख्या आणि पुढचे दोन बोअरचे माप सांगतात. १९६९ मध्ये जर्मन करार संपला, ट्रकच्या नाकावरचा तारा गेला, पण इंजिनांचा पाया तोच राहिला. एका पिढीच्या गाडीवर शिकलेला मिस्त्री त्यामुळे पुढच्या पिढीच्या इंजिनालाही बिनधास्त हात घालू शकला. या धंद्याचा खरा कणा हे सातत्य होते.

दुसरा आधार सुट्या भागांच्या देशी कारखान्यांचा. मद्रासची इंडिया पिस्टन्स १९४९ मध्ये सुरू झाली. बंगळूरची मायको १९५१ मध्ये स्थापन होऊन बॉशच्या परवान्याने डिझेलचे पंप आणि नोझल बनवू लागली. गोएत्झे १९५४ पासून रिंगा-पिस्टनच्या धंद्यात आली. महाराष्ट्रातून साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे सिलिंडर लायनर देशभर गेले. आयातीवर कडक निर्बंध होते आणि नवा ट्रक हाती येण्यासाठी थांबावे लागे. अशा काळात जुने इंजिन भंगारात काढणे हा विचारच कोणी करत नसे. नवे इंजिन दुर्मीळ, मजुरी स्वस्त, आणि पिस्टन-रिंगा-बेअरिंग बाजारात उपलब्ध; या तीन गोष्टींनी १९५५ ते १९९० या काळात ‘इंजिन बांधणे’ हीच वाट ठरवून टाकली होती. ब्लॉकला तडा गेला तरी तो शिवून किंवा वेल्ड करून घेत, आणि एकच ब्लॉक तीन-चार वेळा बांधला जाई.

बोअर, क्रँक आणि माप

इंजिन किती वेळा बांधता येते हे धातूच्या शिल्लक जाडीवर ठरते. ही बाब नीट समजली की पूर्ण निर्णयाचे गणित उलगडते.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो, त्या जागी वरच्या रिंगेखाली तेलाचा थर सर्वांत पातळ आणि उष्णता सर्वांत जास्त असते. म्हणून झीज तिथे सर्वाधिक होते आणि तिच्या वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ धातूची एक पायरी शिल्लक राहते. हेड उतरवल्यावर मिस्त्री प्रथम या पायरीवरून नख फिरवतो. नख अडले की झीज मोठी आहे हे त्याला कळते. पण नखावर निकाल देत नाहीत. डायल गेज बोअरमध्ये सोडून वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या दिशेने आणि तिच्या आडवे, अशी सहा मापे घेतली जातात. वर-खालच्या मापांतला फरक म्हणजे उतार, आणि आडव्या-उभ्या मापांतला फरक म्हणजे लांबटपणा. पिस्टन कनेक्टिंग रॉडच्या तिरक्या जोराने एका बाजूला दाबला जातो, त्यामुळे बोअर गोल न राहता अंडाकृती होतो. त्या लांबट बोअरमध्ये नव्या गोल रिंगा घातल्या तर त्या भिंतीला पुऱ्या टेकत नाहीत. दाब निसटतो, तेल वर चढते. केवळ रिंगा बदलून केलेले काम काही महिन्यांतच पुन्हा धूर सोडते, त्याचे कारण हेच.

झीज मर्यादेपलीकडे असेल तर ब्लॉक बोरिंग मशीनवर जातो. बोअर वाढवून होनिंगने त्यावर तिरप्या रेषांची बारीक जाळी काढतात, म्हणजे तेल भिंतीवर टिकते. मग ओव्हरसाइझ पिस्टन बसतात. मिलिमीटरमध्ये ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० या पायऱ्या; जुने मिस्त्री इंचाच्या हजाराव्या भागात ‘दहा, वीस, तीस, चाळीस’ असे म्हणतात. शेवटच्या पायरीनंतर ब्लॉक संपत नाही. बोअर आणखी मोठा करून त्यात सुकी स्लीव्ह दाबून बसवतात आणि तिला पुन्हा मूळ मापावर आणतात. ज्या इंजिनांत ओले लायनर असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरते, तिथे बोरिंगची गरजच नसते. लायनर, पिस्टन, पिन आणि रिंगा यांचे जुळवलेले किट आणून बसवले की सिलिंडर नवा होतो. मात्र ब्लॉकमधील लायनरची बैठक आणि खालच्या रबरी रिंगांची खाच गंजलेली असेल, तर पाणी तेलात उतरते आणि नवे किट वाया जाते.

क्रँकची गोष्ट उलटी. बोअर वाढतो, क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग, घटतात. ग्राइंडिंग करून तेही दहा-वीस-तीसच्या पायऱ्यांनी खाली आणतात आणि त्या मापाची जाड बेअरिंग घालतात. पण जर्नलच्या पृष्ठभागावर कडक केलेला थर फार खोल नसतो. तो संपल्यावर खालचे मऊ पोलाद लवकर झिजते. शिवाय जर्नल जिथे क्रँकच्या भिंतीला मिळते, तिथली गोलाई ग्राइंडरने नीट राखली नाही, तर तिथूनच तडा सुरू होतो आणि एक दिवस क्रँक तुटतो. तुटलेला क्रँक ब्लॉकही फोडतो. म्हणून चांगला ग्राइंडर चुंबकीय तपासणीने तडा नाही याची खात्री केल्याशिवाय क्रँक यंत्रावर चढवत नाही.

हेड, ब्लॉक आणि क्रँक हे इंजिनाचे तीन महागडे तुकडे. तिन्ही शाबूत असतील तर इंजिन बांधण्यात शहाणपण. एक गेला तर हिशेब मांडावा. दोन गेले तर बदलावे. हा ठोकताळा गॅरेजमधल्या अनुभवातून आला आणि आजही तो फारसा चुकत नाही.

बदली इंजिनाची वाट

एक-दोन गाड्यांच्या मालकासाठी बांधणी फायद्याची असली, तरी मोठ्या ताफ्याचे गणित वेगळे असते. फुल इंजिनाच्या कामात गाडी कित्येक दिवस जागेवर उभी राहते. त्या काळात कर्जाचा हप्ता, चालकाचा पगार आणि विमा थांबत नाहीत. राज्य परिवहन संस्थांनी यावर तोडगा काढला तो राखीव इंजिनांचा. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा झाल्या. अशा मोठ्या ताफ्यात थकलेले इंजिन बसखाली दुरुस्त करत बसत नाहीत. ते उतरवून आधीच बांधून ठेवलेले बसवतात, बस मार्गावर जाते, आणि उतरवलेले इंजिन कार्यशाळेत सवडीने, मापे घेऊन बांधले जाते.

कायद्यानेही हा भेद मान्य केला. नोंदणी पुस्तकात चासी क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांक असतो, त्यामुळे इंजिन बदलणे ही केवळ गॅरेजची बाब राहत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, किमान दहा परिवहन वाहने असलेल्या मालकाला त्याच बनावटीचे आणि प्रकाराचे इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार अधिसूचनेने देऊ शकते. बदल केल्यावर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. लहान मालकाला आधी मंजुरी घ्यावी लागते. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या उतरवलेल्या इंजिनांचा मोठा धोका इथेच असतो. ते चोरीच्या गाडीचे निघाले किंवा त्यावरचा क्रमांक खोडलेला असला, तर वाचलेल्या पैशांच्या अनेक पटींनी भुर्दंड पडतो. त्याची झीजही उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पुढे कंपन्यांनीच या पोकळीत पाऊल टाकले. टाटा मोटर्सच्या ‘प्रोलाइफ’ योजनेत जुने इंजिन देऊन कारखान्यात पुन्हा बांधलेले इंजिन घेता येते. जुन्याची किंमत वजा होते, म्हणून ते पूर्ण आणि दुरुस्तीयोग्य स्थितीत असावे लागते. ब्लॉक फुटेपर्यंत ताणलेले इंजिन अदलाबदलीतही भाव गमावते.

परवाना, धूर आणि वय

१९९० नंतर पारडे हळूहळू बदलीकडे झुकले. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स सुरू झाली होती, पण तिची इंजिने मुख्यतः जनित्रांना आणि अवजड यंत्रांना लागत. १९९३ मध्ये टाटा-कमिन्स ही भागीदारी झाली आणि ट्रकमध्ये १०२ मिलिमीटर बोअरचे ५.९ लिटर इंजिन आले. त्यात सिलिंडर थेट ब्लॉकमध्ये कोरलेला असतो, वेगळा लायनर नसतो. ते जास्त टिकले, पण बांधताना अचूकपणाही जास्त मागू लागले. टर्बोचार्जरमुळे आणखी एक पेच आला. टर्बोचे सील गळाले की इंजिन तेल खाते आणि निळा धूर सोडते; पंप आणि नोझल बिघडले की काळा धूर येतो आणि ताकद उतरते. दोन्ही लक्षणे थकलेल्या इंजिनासारखीच दिसतात. केवळ पंप कॅलिब्रेट करून सुटले असते अशा गाड्यांचे इंजिन उघडले जाण्याचे प्रसंग त्यामुळे वाढले.

परवान्याच्या नियमांनीही गाडीचे, आणि पर्यायाने इंजिनाचे, वय ठरवले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दोन अ‍ॅक्सलच्या मालवाहू गाडीला बारा वर्षांनंतर आणि अनेक अ‍ॅक्सलच्या गाडीला पंधरा वर्षांनंतर राष्ट्रीय परवाना मिळत नाही. दहा-अकरा वर्षांच्या ट्रकवर पूर्ण बांधणीचा खर्च केला, तर लांब पल्ल्यावर तो वसूल व्हायला थोडाच काळ उरतो. म्हणून भिलाईसारख्या औद्योगिक भागात जुने ट्रक कारखाना ते गोदाम, खाण ते क्रशर अशा जवळच्या फेऱ्यांवर येतात आणि तिथे स्वस्त दुरुस्तीवर चालत राहतात. जुलै २०१८ मध्ये तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकचे कमाल वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. त्याच गाडीला कायद्याने जास्त भार उचलता येऊ लागला आणि उमेद संपलेल्या इंजिनाची कमकुवत बाजू लवकर उघडी पडू लागली.

सर्वांत मोठा बदल धुराच्या मानकांनी घडवला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू झाले. कॉमन रेल, संगणकीय नियंत्रण, युरियाच्या द्रावणाने धूर शुद्ध करणारी प्रणाली आणि काजळीचा फिल्टर हे इंजिनाचेच अवयव झाले. या इंजिनात ब्लॉक बांधण्याचे कौशल्य पूर्वीइतकेच लागते, पण ते आता पुरेसे नाही. इंजेक्टरची सांकेतिक माहिती संगणकात भरावी लागते आणि सेन्सरची चूक लॅपटॉपशिवाय सापडत नाही. इंजिन तेल खात असेल तर काजळीचा फिल्टरही तुंबतो, त्यामुळे ‘थोडे तेल टाकून चालवू’ ही जुनी सवय नव्या गाडीत फार महागात पडते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन भंगार धोरणाने व्यावसायिक वाहनांसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रांतील फिटनेस हा निकष पुढे आणला. तपासणीत न उतरणाऱ्या जुन्या गाडीवर इंजिनाचा खर्च करण्याला मग अर्थ उरत नाही.

निर्णयाचा क्रम

हा इतिहास एकत्र ठेवला की आजच्या मालकासाठी प्रश्नांचा एक क्रम तयार होतो. पहिला प्रश्न : दोष खरोखर इंजिनाच्या पोटात आहे का? एअर फिल्टर, नोझल, पंप, टर्बो आणि रेडिएटर तपासून, प्रत्येक सिलिंडरचे कंप्रेशन, गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर आणि ब्रीदरमधून येणारा वायू पाहिल्यावरच हेडला पाना लावावा. एकाच सिलिंडरचे कंप्रेशन कमी असेल तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचे काम पुरते. सगळ्यांचे सारखे उतरले असेल तर झीज सार्वत्रिक आहे.

दुसरा प्रश्न : ब्लॉक, क्रँक आणि हेड यांत किती धातू शिल्लक आहे? याचे उत्तर लेखी मापांत घ्यावे आणि मागच्या कामाच्या पावत्यांशी ताडून पाहावे. तिसऱ्यांदा वाढलेला बोअर आणि शेवटच्या पायरीवर आलेला क्रँक एकाच इंजिनात असतील, तर ते बांधणे म्हणजे पुढच्या बिघाडाला मुदत देणे. तिसरा प्रश्न गाडीचा : परवान्याची किती वर्षे उरली, चासी, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल कसे आहेत, आणि होणारा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या किती हिश्शात जातो? चौथा प्रश्न वेळेचा : बांधणीत जाणाऱ्या दिवसांचे भाडे जोडल्यावर बदली इंजिन महाग राहते की स्वस्त होते? शेवटचा प्रश्न कागदांचा : बदली इंजिनाचा क्रमांक, बिल आणि नोंदणी कार्यालयाची मंजुरी हाती आहे का?

बांधलेल्या इंजिनाचे आयुष्य पहिल्या काही हजार किलोमीटरांत ठरते. नव्या रिंगा बोअरशी जुळेपर्यंत गाडी पूर्ण भाराने ओढू नये, चढावर ताणू नये आणि पहिले तेल लवकर बदलावे. भिलाईच्या धुळीत एअर फिल्टरची निगा ही कोणत्याही बांधणीइतकी मोलाची आहे.

जी. ई. रोडवरच्या मिस्त्रींनी टंचाईच्या काळात जे ज्ञान कमावले, ते पुस्तकांत फारसे आले नाही. ते हातांत, गेजांवर आणि पावत्यांवर राहिले. नव्या इंजिनांचे संगणक शिकताना त्यांच्या पोरांनी ते ज्ञान सोडू नये आणि मालकांनी त्याची योग्य मजुरी द्यावी. दुरुस्ती, बांधणी आणि बदली यांपैकी कोणतीही वाट मुळात चुकीची नाही. चूक होते ती माप घेण्याआधी वाट निवडण्यात.